तुम्ही वाचता का, मॅडम?

आमचं ऑफिस म्हणजे पुण्यात टिळक रस्त्याच्या मागे, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतले दीड मजले. सीएंची फर्म. भागीदार दोन: मोठे सर आणि त्यांचे पुतणे, म्हणजे धाकटे सर. बाकी पगारी माणसं, आर्टिकलशिप करणारी मुलंमुली आणि शिपाईमामा धरून आम्ही अडतीस. मी २००४ साली तिथे डेटा एंट्रीला लागले. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणारी मी एकटीच होते. तेवढ्या भांडवलावर हळूहळू सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप असं सगळं माझ्या गळ्यात आलं. माझ्या हुद्द्याला आजही धड नाव नाही. पगारपत्रकात 'सिस्टिम्स' लिहितात, ऑफिसात 'कॉम्प्युटरच्या मॅडम' म्हणतात.

२० मार्च २०२०, शुक्रवार. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथली अत्यावश्यक सोडून सगळी ऑफिसं ३१ तारखेपर्यंत बंद, असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं आणि आमच्याकडे घर बदलताना होते तशी पळापळ सुरू झाली. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते त्यांनी टेबलाखालचे सीपीयूच उचलले. कुणी चादरीत गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवला, कुणी रिक्षात मांडीवर घेतला. मी दारात वही घेऊन उभी. कोणता डबा, कोणाच्या घरी, पत्ता, सही. कोण कुठून येतं हे त्या वहीमुळे मला पहिल्यांदा नीट कळलं. लातूर, करमाळा, वाई, दापोली, आणि बरेचसे धायरी-कात्रजचे. गावची मुलं शनिवारी मिळेल त्या गाडीनं निघून गेली. पुढच्या मंगळवारी रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी ऐकली. बुधवारी पाडवा होता. गुढीसाठी कडुलिंब आणायला खाली उतरावं की नाही यावर आमच्या घरात वाद झाला, एवढं आठवतं.

रिटर्नची मुदत त्याच मंगळवारी दुपारी अर्थमंत्र्यांनी ३० जूनपर्यंत वाढवली होती, म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर मार्चअखेर आणि सगळं ऑफिस घरी, हे गणित कुणालाच सुटलं नसतं. पण मुदत वाढली तरी काम थांबत नाही. आणि काम चालू राहिलं ते व्हॉट्सॲपवर.

पहिल्या आठवड्यात ग्रुप एक होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मोजले तेव्हा सतरा होते, आणि ते मी ज्यांत होते तेवढेच. पार्टीवार ग्रुप, जीएसटीचा ग्रुप, ऑडिटचा ग्रुप, 'ऑडिट नवीन', 'ऑडिट नवीन २'. त्यांत पॅनकार्डांचे फोटो, बँकेची स्टेटमेंटं, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, आणि मध्येच कुणाच्या तरी आजीनं केलेल्या कुरडयांचा फोटो. व्हॉट्सॲपचे निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, २०१६ पासून ते दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, हे मला माहीत होतं. वाटेची मला काळजी नव्हतीच. काळजी टोकाची होती. टोकाला असतो आर्टिकलचा स्वतःचा फोन. त्यात पार्टीचं स्टेटमेंट आपोआप गॅलरीत उतरतं, गॅलरीचा बॅकअप कुठेतरी जातो, तो फोन धाकट्या भावाच्या हातात असतो आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांनी आर्टिकलशिप संपली की फोनासकट सगळं निघून जातं.

व्हायचं ते ९ एप्रिलला झालं. भोसरीच्या एका कारखान्याचं पगारपत्रक, त्यात दोनशेच्या वर माणसांची नावं, खाते क्रमांक, कोणाचा किती पगार, किती ॲडव्हान्स कापला. हे सगळं आमच्या एका मुलीकडून दुसऱ्याच पार्टीच्या ग्रुपवर गेलं. दोन्ही ग्रुपांची नावं एकाच अक्षरानं सुरू होत होती, बाकी काही नाही. तिच्या लक्षात यायला दोन तास लागले. 'सगळ्यांसाठी काढून टाका' ही सोय तेव्हा तासाभरापुरतीच होती. नेमकं सांगायचं तर एक तास, आठ मिनिटं, सोळा सेकंद. हा आकडा मला त्या दिवशी पाठ झाला तो अजून विसरलेली नाही. मुलगी फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, आधी सरांना सांग. तिनं सांगितलं. मोठे सर तिला काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही पार्ट्यांना स्वतः फोन करून माफी मागितली आणि मग मला फोन केला.

"मॅडम, १९४९ चा आमचा कायदा आहे. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर गेली तर तो व्यवसायातला गैरवर्तनाचा प्रकार धरतात. अनुसूचीत लिहिलेलं आहे. हे तुम्ही बंद करा आणि दुसरं काहीतरी लावा. मला काय ते विचारू नका, मला कळत नाही. पण लावा."

एवढीच काय ती मंजुरी. बजेट विचारायचं राहून गेलं.

व्हिडिओ मीटिंगांसाठी आम्ही तोवर झूम वापरत होतो. फुकटवालं, चाळीस मिनिटांचं. चाळीस मिनिटं झाली की मीटिंग तुटायची आणि धाकटे सर म्हणायचे, बरंच झालं. १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयानं सूचनापत्र काढलं की झूम सुरक्षित नाही, सरकारी कामाला वापरू नये, आणि खाजगी लोकांनी वापरलंच तर काय काय काळजी घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मोठ्या सरांचा फोन. मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते उतू गेलं.

मग मी जित्सी बसवायला घेतलं. ही मोकळ्या परवान्याची, कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी मीटिंगची यंत्रणा आहे. तिचं मूळ २००३ साली स्ट्रासबुर्गमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडली: पार्टीला काही उतरवून घ्यावं लागत नाही. लिंक पाठवली, ब्राउझरमध्ये उघडली, झालं. भोसरीच्या साठीतल्या कारखानदाराला फोनवरून ॲप बसवायला शिकवणं हे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. शनिवारी संध्याकाळी बसवायला सुरुवात केली, रात्री अकराला माझा आणि धाकट्या सरांचा चेहरा एकमेकांना दिसला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी खूश.

रविवारी सकाळी तिसरा माणूस आत आला आणि सगळे काळे झाले. आवाज नाही, चित्र नाही, नुसती नावं. तिसऱ्याला बाहेर पाठवलं की आम्ही दोघं परत छान. पुन्हा तिसरा आला की पुन्हा अंधार. वाईचा आर्टिकल म्हणाला, "मॅडम, मी काही केलं का?" त्याला तीन वेळा आत-बाहेर करून त्याचा अगदी पाहुणा झाला होता.

दुपारी चारपर्यंत मी डोकं आपटत होते. कारण कळलं तेव्हा हसू आलं. दोघंच असताना जित्सी त्यांना एकमेकांशी थेट जोडून देतं, सर्व्हर मधून अंग काढून घेतो. तिसरा आला की मात्र सगळ्यांचा आवाज-चित्र सर्व्हरवरून फिरवावं लागतं आणि त्यासाठी १०००० क्रमांकाचं यूडीपी पोर्ट उघडं लागतं. ते मी उघडलं होतं. पण सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलमध्ये. भाड्याच्या सर्व्हरला बाहेरून आणखी एक कुंपण असतं, ते ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांच्या वेबसाइटवर जाऊन उघडायचं असतं. म्हणजे फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून मी पाहुण्यांची वाट बघत होते आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमन सगळ्यांना परत पाठवत होता. आदल्या रात्रीचं माझं यश मुळात सर्व्हरचं नव्हतंच. तो मध्ये नव्हता म्हणून सगळं चाललं होतं.

सोमवारपासून रोज सकाळी दहाला मीटिंग. "आवाज येतोय का?" या वाक्यानं सुरू, "कोणीतरी म्यूट करा" या वाक्यानं मध्यंतर.

आठवडाभरानं भाड्याच्या सर्व्हरचा वापर बघितला तर आमच्या मानानं दुप्पट. लॉग उघडला. रोज सकाळी सात ते साडेआठ एक खोली उघडी दिसत होती, वीस-पंचवीस माणसांची. खोलीचं नाव 'दहावी भूमिती'. मी दहाच्या मीटिंगमध्ये विचारलं, हे कोण? शांतता. मग लातूरच्या मुलानं कॅमेरा बंद केला. दहा मिनिटांनी त्याचा मला वेगळा फोन. "मॅडम, ताई शाळेत शिकवते. नववीची परीक्षाच झाली नाही, पोरं तशीच दहावीत गेलीत. तिला म्हटलं आपल्या ऑफिसचं चांगलं चालतंय…"

आता यात त्याची चूक किती आणि माझी किती? मी मीटिंगच्या जागेला कुलूपच लावलं नव्हतं. ज्याला पत्ता माहीत तो हव्या त्या नावाची खोली उघडू शकत होता. उद्या कुणी 'ऑडिट' नाव टाइप केलं असतं तर थेट आमच्यात येऊन बसला असता. त्याच रात्री मी ते बदललं. खोली उघडायला ऑफिसचं नाव आणि पासवर्ड लागणार, पाहुणे बाहेर थांबणार, आणि खोल्यांची नावं कुणाच्या मनात येणार नाहीत अशी. ताईंना मात्र मी स्वतः फोन केला. जित्सीवाल्यांची तेव्हा सगळ्यांना खुली असलेली जागा होती तिचा पत्ता दिला, आणि शुक्रवारपर्यंत आमच्याच सर्व्हरवर वर्ग चालू ठेवू दिला, कारण वर्तुळाचं प्रकरण अर्ध्यावर होतं. हे मी सरांना सांगितलं नाही. आता वाचतील.

मेसेजांचं काम अवघड निघालं. मीटिंग ही बोलावून होते. गप्पा माणूस जिथे सवय असेल तिथेच मारतो. मला दोन गोष्टी हव्या होत्या. सगळं आपल्या सर्व्हरवर राहावं, आणि सर्व्हर कुणी उचलून नेला तरी त्याला काही वाचता येऊ नये. मेमध्ये मी मॅट्रिक्स नावाच्या पद्धतीवर आले. त्याचं ॲप तेव्हा 'रायट' नावानं मिळायचं.

"रायट म्हणजे दंगल ना?" मोठे सर म्हणाले. "आपल्या ऑफिसात?"

जुलैत त्यांनी नाव बदलून 'एलिमेंट' केलं तेव्हा सरांना वाटलं मीच बदलून घेतलं. मी तसं वाटू दिलं.

या ॲपमध्ये प्रत्येक नव्या फोनची किंवा कॉम्प्युटरची एकदा ओळख पटवावी लागते. दोघांच्या पडद्यावर सात चित्रं येतात. ती दोघांनी एकमेकांना वाचून दाखवायची. सातही सारखी असली तर मध्ये कुणी तोतया बसलेला नाही हे नक्की. एक जरी वेगळं निघालं तरी तिथेच थांबायचं. चित्रं एकूण चौसष्ट. मोठ्या सरांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि योगायोगानं सातही जुळण्याची शक्यता काढली: चार लाख एकोणचाळीस हजार कोटींत एक. आकडा त्यांना पसंत पडला. "बसतं," म्हणाले.

मग त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरची ओळख पटवायची वेळ आली. ते लँडलाइनवर, मी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी.

"वाचा सर."

"हत्ती."

"हत्ती."

"मक्याचं कणीस. छत्री. कुलूप. सायकल. देवळातली घंटा."

"बरोबर. आणि शेवटचा नांगर."

पलीकडे शांतता.

"नांगर नाही इथे."

माझ्या पोटात गोळा आला. नियम माझाच होता. एक जरी वेगळं निघालं तरी थांबायचं.

"काय आहे सर?"

"गळ आहे. मासे धरायचा."

"सर, नीट बघा. नांगर नाही?"

"मॅडम, माझा जन्म करमाळ्याजवळच्या शेतावर गेलाय. मला नांगर कळतो. हा गळ आहे. वर कडी आहे, खाली दोन आकडे आहेत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "सर, जहाजाचा नांगर!"

"मग तसं म्हणा की."

आमच्या भाषेत शेताला आणि समुद्राला एकच शब्द पुरतो, ही गोष्ट ते ॲप बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नाही. मी मात्र त्यानंतर सगळ्यांसाठी एक कागद केला: चौसष्ट चित्रं आणि शेजारी आमचे ठरलेले मराठी शब्द. नांगराच्या पुढे कंसात 'बोटीचा'. अडतीस जणांची ओळख पटवायला मला नऊ दिवस लागले. शिपाईमामांनी सात चित्रं इतक्या झटक्यात वाचली की मीच मागे पडले.

त्याच सुमारास तो प्रश्न पहिल्यांदा आला. ऑडिटमधल्या एका जुन्या बाईंनी विचारला, आडवळणानं. "मॅडम, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर असतं ना. मग तुम्ही वाचता का?"

मी म्हटलं, "येतच नाही वाचायला. किल्ल्या तुमच्या फोनात आहेत. माझ्याकडे नुसता गिचमिड मजकूर असतो."

त्यांचा विश्वास बसला नसावा. मी त्यांना स्क्रीन शेअर करून सर्व्हरवरची एक ओळ दाखवली. लांबच लांब अक्षरं, अर्थ शून्य. "हे तुम्हीच काल कुणालातरी लिहिलेलं आहे. काय ते तुम्हालाच ठाऊक." त्या हसल्या. नंतर मला कळलं, ते मुळात माझ्याविषयीच लिहिलेलं होतं, आणि बरं नव्हतं.

ऑगस्टमध्ये धाकट्या सरांनी दुसऱ्या टोकानं तोच प्रश्न विचारला. एक सीनियर नोकरी सोडून स्वतःची प्रॅक्टिस काढणार आणि चार-पाच पार्ट्या घेऊन जाणार, असा त्यांना संशय होता. "जरा बघून सांगाल का, तो कोणाशी काय बोलतोय?" मी तेच उत्तर दिलं, येतच नाही. त्यांनी खांदे उडवले आणि विषय संपला. किती सोपं होतं ते. यंत्रानं नाही म्हटलं, मला म्हणावं लागलं नाही.

या कुलपाची किंमत काय ती जूनमध्येच कळून चुकली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि दापोलीचा आमचा मुलगा त्या दुपारपासून गायब. फोन नाही, मेसेज नाही. मी दिवसातून चारदा बघायची, त्याच्या नावापुढचा ठिपका करडाच. नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. घराचे पत्रे उडाले होते, आंब्याची आणि सुपारीची झाडं आडवी, वीज नाही. बाजारात एकानं जनरेटर लावलाय, तिथे रांगेत उभं राहून फोन चार्ज करतात. त्याचा स्वतःचा फोन पाण्यात गेला होता. माणसं सगळी ठीक होती.

महिनाअखेरीस त्यानं काकांचा जुना फोन घेतला, ॲप बसवलं, पासवर्ड टाकला. खोल्या सगळ्या दिसल्या, पण आत जुन्या प्रत्येक मेसेजच्या जागी एकच करडी ओळ: उलगडता येत नाही. किल्ल्या जुन्या फोनात बुडाल्या होत्या. अशा वेळेसाठी एक लांबलचक परतीची किल्ली असते. ती मी सगळ्यांना हातानं डायरीत लिहून ठेवायला लावली होती, फोनात नको, कागदावरच हवी असा माझा हट्ट. त्यानं तसं केलं होतं. डायरीच्या त्या पानाचा फोटो त्यानं मला पाठवला. जेल पेनची निळी शाई पानभर पसरली होती, वरची चार अक्षरं वाचता येत होती.

मी काही करू शकत नव्हते. सर्व्हर माझा, अख्खा ताबा माझा, आणि त्या मुलाचे दोन महिन्यांचे मेसेज परत देणं माझ्या हातात नव्हतं. बाकीच्यांनी आपापल्या फोनांतून त्याला कामाचं ते पुन्हा पाठवलं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगितलं, किल्ली बॉलपेननं लिहा. आणि एक प्रत पाकिटात बंद करून, पाकिटावर सही करून ऑफिसच्या तिजोरीत. कागदपत्रं पाकिटात घालून तिजोरीत ठेवणं हे तर आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं काम, ते कुणाला शिकवावं लागलं नाही.

लोक व्हॉट्सॲपवर परत घसरत होतेच. स्वस्तातले फोन बॅटरी वाचवायला आमचं ॲप झोपवून टाकायचे, मग मेसेज दोन-दोन तास उशिरा. प्रत्येकाच्या फोनात जाऊन ती सेटिंग बदलायला सांगणं, हे मी त्या वर्षी इतक्यांदा केलं की आमच्या मुलीनं माझी नक्कल बसवली. भाषणं करून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका लबाडीचा. रजेचे अर्ज आणि पगाराच्या स्लिपा मी फक्त नव्या जागेवर ठेवल्या. महिन्याच्या एक तारखेला अडतीसच्या अडतीस जण हजर.

आणि घरं. घरांबद्दल कुठल्याही यंत्रणेत सोय नसते. करमाळ्याचा मुलगा एका खोलीतल्या सहा माणसांतून उठून गच्चीवर जायचा आणि तिथून मोठ्या आवाजात एका पार्टीचं येणं-देणं वाचायचा. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना त्या पार्टीची उधारी आमच्याआधी कळत असणार. टाळेबंदीत नवे हेडफोन मिळेनात. शेवटी मी नियम केला की आकडे बोलायचे नाहीत, लिहायचे. "सर, तो आकडा टाकलाय बघा," असं म्हणायचं. तो नियम आजही आहे आणि ऑफिसात समोरासमोर बसूनही मुलं तसंच बोलतात.

तीन वर्षं हे चाललं. अर्धी माणसं ऑफिसात परतली, अर्धी आलटूनपालटून घरून. मग मे २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली: केंद्र सरकारनं चौदा मेसेजिंग ॲपांवर बंदी घातली. जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी ती वापरतात म्हणून. यादीत एलिमेंटचं नाव.

माझा पहिला विचार तांत्रिक होता. सर्व्हर आपला, मुंबईत. पद्धत मोकळी. त्याच पद्धतीवर चालणारी दुसरी ॲपं आहेत, ती बसवली की झालं. हे सगळं मी मुद्देसूद लिहून नेलं. मोठे सर आता पंचाहत्तरीचे, आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी कागद वाचला, घडी केली, मला परत दिला.

"मॅडम, तुमचं खरं असेल. पण सरकारनं बंदी घातलेलं नाव आणि सीएचं ऑफिस, हे एका वाक्यात नको. उद्या कुणी विचारलं तर मी त्याला सात चित्रं दाखवू?"

मला राग आला होता. २०२० मध्ये सरकार म्हणालं ते सुरक्षित नाही म्हणून एक सोडलं, आणि २०२३ मध्ये दुसरं सोडायचं ते बहुधा फारच बंदिस्त होतं म्हणून. पण त्यांच्या जागी मी असते तरी मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही मॅटरमोस्टवर गेलो. तेही आपल्याच सर्व्हरवर चालतं, सुटसुटीत आहे, फोन बदलला तरी काही हरवत नाही. दापोलीच्या मुलाला, तो आता सीए झालाय आणि आमच्याकडेच आहे, ते फार आवडलं. फरक एकच. वाटेत कुलूप आहे, पण सर्व्हरवर मेसेज सरळ वाचता येतील असे पडलेले असतात. ज्याच्याकडे सर्व्हर, त्याला वाचता येतात.

हे सांगायला मी मीटिंग बोलावली. जित्सीवरच. म्हटलं, "एक गोष्ट बदलली आहे ती नीट ऐका. आधी मला तुमचे मेसेज वाचता येत नव्हते. आता येतात. मी वाचणार नाही, पण येतात. आपापसातलं काही असेल तर इथे लिहू नका."

पाच-सहा सेकंद कोणी बोललं नाही. मग ऑडिटच्या त्याच बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात."

पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

परवा दिवाळीनंतर धाकटे सर माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले, म्हणजे काम मोठं. दुसरा सीनियर, संशय तोच. "आता तर बघता येतं ना मॅडम?"

"येतं," मी म्हटलं.

"मग?"

मी त्यांना सांगितलं की कोणाचे, कोणत्या तारखेपासूनचे आणि कशासाठी, हे कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही आणि मोठ्या सरांची सही. आणि बघितल्यावर त्या माणसाला मी सांगणार की बघितलं.

ते थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या कागदाकडे बघत बसले, चौसष्ट चित्रांचा जुना तक्ता मी काचेखाली ठेवलाय तिकडे. "बोटीचा," त्यांनी वाचलं, हसले आणि उठले.

तो कागद अजून आलेला नाही.